पुन्हा एकपासून

पाच अधिक तीन.
भावेश पाटीवर पाच दाणे मांडतो,
पलीकडे तीन, मध्ये बोटभर जागा सोडून.
मग पहिल्या दाण्यावर बोट ठेवतो: एक.

अरे, पाच आहेत ते. आत्ताच मोजलेस ना?
हो, म्हणतो.
मग पाचाच्या पुढे म्हण.
तो माझ्याकडे बघतो, दाण्यांकडे बघतो,
आणि हळूच:
एक.

सावद्यातून रोज दोन गाड्या भरून देतो मी.
घड किती, फण्या किती, मोडका माल किती,
काट्यावर आकडा स्थिरावायच्या आत माझ्या तोंडात असतो.
व्यापारी म्हणतात, प्रल्हाददादा असला की मशीन कशाला.
आणि घरी आठ दाण्यांपाशी माझी गाडी रुतते.

पहिल्या दिवशी माझा आवाज बरा होता.
दुसऱ्या दिवशी त्यात कूस शिरलं.
तिसऱ्या दिवशी पाटी उचलली ती आपटायलाच,
तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.
ती वळली नाही, बोलली नाही,
नुसता आवाज थांबला.
मी पाटी खाली ठेवली.

मग हातच पुढे केले,
केळीच्या चिकानं काळवंडलेले, साबणाला न ऐकणारे.
ही पाच, ही पाच. मोज.
तो डाव्या करंगळीपासून निघाला
आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटापाशी अडला,
जे विळ्यानं अर्धं नेलं, त्याच्या जन्माच्या वर्षी.
"पप्पा, हे धरू?"
धर.
"पूर्ण धरू?"
काय सांगायचं? म्हटलं, पूर्ण धर.
त्यानं ते चिमटीत घेतलं, दाबून पाहिलं,
दुखतं का विचारलं.
त्या दिवशीची बेरीज तिथंच राहिली.

रात्री ही म्हणाली,
"त्याले वाटते, नजर काढली का वस्तू कमी होते.
गच्चीवर बिबडे वाळत घातले, त्याले राखनीले बसवलं,
तं मले विचारे, पानी प्यायले गेलो तं एवढेच राहतीन का?
अन् तू?
उद्या येतो सांगून बऱ्हानपूरले गेला,
चौथ्या दिवशी आला."

मला झोप लागली नाही.
मी पाच म्हणतो आणि मागे वळून बघत नाही.
हे मला कोणी शिकवलं, आठवेना.
कोणीतरी माझे पाच धरून उभं राहिलं असेल,
मी पुढचे मोजत असताना.

दुसऱ्या संध्याकाळी पाच दाणे मुठीत घेतले.
मूठ मिटली. किती?
"पाच."
आता?
"उघडा."
उघडली. पाचच.
मिटली. आता किती?
"उघडा."
लाइट गेली, बॅटरी लावली, पुन्हा मूठ मिटली.
बाहेर म्हशी परतल्या, दुधाचं भांडं वाजलं,
आम्ही दोघं त्या एका मुठीपाशी.
सात वेळा उघडली असेल. आठ वेळा.
मग त्यानं उघडा म्हटलं नाही.
आपला हात माझ्या मुठीवर ठेवला,
दार नीट लागलंय का चाचपावं तसा,
"पाच," म्हणाला,
आणि खालच्या दाण्यांकडे वळला:
सहा.
सात.
आठ.

मी काही बोललो नाही.
चुलीपाशी थापायचा आवाज थांबला होता,
तो परत सुरू झाला.

सकाळी शाळेला निघाला तेव्हा
मला राहवलं नाही. सहा अधिक दोन?
त्यानं दप्तर पायरीवर ठेवलं.
खिशातून दाणे काढले,
कालचेच असावेत, घामानं मऊ झालेले.
सहा मांडले, दोन मांडले,
पहिल्यावर बोट ठेवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
"एक."

कोपऱ्यावर गाडीवाला हॉर्न देत होता.
मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.
म्हटलं,
दोन.